मोरी की मोती

आमच्या आरोग्य केंद्रातल्या लशींच्या फ्रिजचा एक पाय आखूड होता. मी तिथे आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले तेव्हापासून त्या पायाखाली मेणकापडात बांधलेलं एक जाडजूड गाठोडं होतं. ते काय आहे, असं कोणी विचारलं नव्हतं. फ्रिज डुगडुगत नव्हता, लशी थंड राहत होत्या, मग विचारायचं कशाला?

केंद्र जुन्या नाशकात, गंगेकडे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) उतरत जाणाऱ्या एका बोळात. सकाळी पोरांना लशी टोचायच्या आणि दुपारी घरोघर जाऊन ड्रम, टाक्या, कूलर, कुंड्या यांच्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, हे माझं काम. आळीत मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. मी ‘डासवाल्या ताई’. एका लग्नाची पत्रिका मला आली, तिच्यावरही ‘सौ. डासवाल्या ताई, सहकुटुंब’ असं लिहिलेलं होतं. माझ्या यजमानांनी ती पत्रिका दोनदा वाचली आणि उलटी करून ठेवली.

तर एका स्वच्छता पंधरवड्याच्या आधी वरून पत्र आलं, की प्रत्येकाने आपल्या भागात काहीतरी कार्यक्रम करावा. बाकीच्यांनी भिंती रंगवायला घेतल्या. आमचे स्वच्छता निरीक्षक साहेब नवे होते, सटाण्याकडचे, तिशीतले, आणि त्यांच्या अंगात भलता उत्साह. ते म्हणाले, “भिंती काय कोणीही रंगवेल. आपण प्रदर्शन भरवू. शंभर वर्षांपूर्वी या आळीचं आरोग्य कसं होतं ते दाखवू. प्लेगाचा काळ, उंदीर, गटारं, सगळं!”

“सर, त्याला वस्तू लागतील,” मी म्हटलं.

“वस्तू असतीलच.”

मग दोन दिवस ते कपाटं उपसत राहिले. एक गंजलेला उंदरांचा पिंजरा निघाला. एक पत्र्याची पाटी निघाली, तिच्यावरचं ‘थुंकू’ तेवढं शाबूत होतं, ‘नये’ गंजून गेलं होतं. ती लावायची की नाही यावर आमची गंभीर चर्चा झाली. आणि मग साहेबांची नजर फ्रिजच्या पायाकडे गेली.

मुकादमाने फ्रिज उचलून धरला, मी गाठोडं ओढलं आणि त्या जागी दोन फरशीचे तुकडे सारले. मुकादम म्हणजे आमच्या भागातल्या सफाई कामगारांवरचा माणूस. पन्नाशीचा, अंगाने दणकट, बोलायला कमी. मेणकापड सोडलं तर आत एक वही. कागद तपकिरी, आणि शाईची रेघ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जी सुटलेली, ती मध्ये कुठे तोडलेलीच नाही. दोन शब्दांत फट म्हणून नाही.

साहेब गोंधळले की घरची बोली बोलतात. “हाई काय शे?” ते म्हणाले.

“मोडी हाय,” मुकादम म्हणाला. “आमच्या जागेच्या कागदावर असंच हाय. बोळाच्या खालच्या टोकाला ते काका राहतात ना, त्यांना येतं वाचता.”

मोडीवाले काका भूमी अभिलेखातून निवृत्त होऊनही मला वाटतं एक जमाना झाला होता. ऐंशीच्या पुढचे, धोतर कडक इस्त्रीचं, कानाने अधू. कमी ऐकू येत असल्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं समजून ते बोलत. हातात भिंग घेऊन ते आले तो नेमका लसीकरणाचा दिवस. बाहेरच्या बाकांवर पंचवीसेक बाया पोरं घेऊन बसलेल्या.

काकांनी आल्या आल्या अट घातली. “मी वाचीन ते पूर्ण वाचीन. मधलं काही गाळणार नाही. सरकारी कागद आहे.”

“पूर्ण वाचा,” साहेब खुशीत म्हणाले.

ती वही म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुणा आरोग्य इन्स्पेक्टराची फेरीवही निघाली. त्याचं नाव पहिल्या पानाबरोबर फाटून गेलेलं. रोज तो या आळीत घरोघर फिरे, मोऱ्या, विहिरी, गोठे, उंदीर बघे आणि काय पाहिलं ते लिहून ठेवी. घरांना तेव्हा नंबर नव्हते, तर आडनाव आणि धंदा लिहिलेला. काका कीर्तनाला उभं राहिल्यासारखे उभे राहून वाचायला लागले. आडनावं इथे मी गाळतेय, काकांनी गाळली नव्हती.

“अमक्यांचे घरी म्हैस, एक शिंग वाकडे, माडीवर आढळली! का, असे विचारता म्हणाले, प्लेगाचे भयाने वर नेली. आता भय सरले, खाली आणा, असे सांगता म्हणाले, आम्ही आणतो पण ती येत नाही!”

बाहेरच्या बाकांवर हसू फुटलं. एक बाई मात्र पोराला खांद्यावर टाकून ताडकन उठली. “अहो, हे तर आमचं घर!”

काकांना ऐकू आलं नाही. ते पुढे वाचत होते. “तमक्यांस उंदरांचा पिंजरा दिला होता. तपासता पिंजऱ्यात लोणच्याची बरणी. विचारता म्हणाले, उंदीर बरणीला लागतात, म्हणून बरणी आत ठेवली, उंदीर बाहेर आहेत!”

“विहिरीत लाल औषध टाकले. पाणी गुलाबी झाले. स्त्रियांनी ओरडा केला. एकीने तेच पाणी घागरभर माझे अंगावर ओतले. सदरा गुलाबी झाला. धुता जात नाही.”

मी टोचायचं थांबवलं होतं. त्या दिवशी पोरं रडली नाहीत, कारण आयाच हसत होत्या.

दुपारपर्यंत बातमी बोळभर झाली, की केंद्रात एक वही निघालीय आणि तिच्यात सगळ्यांच्या पणजोबांचं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडायला आले तर दारात रांग. मी म्हटलं, डेंग्यूची साथ आली की काय! पण सगळे धडधाकट होते. “आमचं बघा ना ताई. आमचं काय लिहिलंय?”

मला वाटलं होतं लोक चिडतील. झालं उलटंच. म्हशीवाल्यांची छाती फुगली. त्यांनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, मोठा करून चौकट लावली आणि जिन्यात टांगला, येणाऱ्याला ते जिना दाखवून सांगत, “इथूनच चढली होती.” ज्यांचं वहीत काहीच नव्हतं ते रुसून बसले. आणि एका घराबद्दल इन्स्पेक्टराने लिहिलं होतं, ‘घर स्वच्छ, सूचना नाही.’ त्या घरचे गृहस्थ खिन्न झाले. “एवढंच?” ते म्हणाले. “नीट बघा ना काका, एखादा उंदीर तरी असेल.”

या गडबडीत एका दुपारी गर्दी पांगल्यावर मुकादम टेबलाशी येऊन उभा राहिला. “काका,” तो मोठ्याने म्हणाला, “आमचा पणजा ह्याच आळीत होता. मैल्याच्या गाडीवर. त्याचं काय असंल तर बघा.”

काकांनी पानं उलटली. बराच वेळ उलटली. गाडीचा उल्लेख रोज होता. गाडी आली, गाडी उशिरा आली, गाडीचं चाक मोडलं. माणसाच्या जागी दर वेळी एकच शब्द. “गाडीवाला,” काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. “नाव दिलेलं नाही.”

मुकादम म्हणाला, “म्हशीचं शिंग वाकडं व्हतं ते लिहिलंय.”

मग काकांनी खिशातून शाईचं पेन काढलं, एक कोरा कागद ओढला आणि विचारलं, “नाव काय त्यांचं?” मुकादमाने सांगितलं. काकांनी ते मोडीत लिहिलं, वळणदार, सावकाश, आणि खाली ‘याच आळीत गाडीवर काम करीत’ असंही लिहिलं. साहेबांनी तो कागद प्रदर्शनासाठी मांडलेल्या फळ्यावर मधोमध लावला. मुकादम तिथून जाता-येता त्याच्याकडे बघायचा नाही, पण कडेला कोणी टेकून उभं राहिलं तर “जरा सरकून” म्हणायचा.

पुढच्याच आठवड्यात काकांनी त्या दोन घरांचं पान काढलं.

आमच्या बोळात उतारावर एकाखाली एक अशी दोन घरं आहेत. वरच्या घरात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, ते घरच्या काकूच चालवतात. खालच्या घरात एक मावशी ब्लाऊज शिवतात. या दोन घरांत चार पिढ्या बोलणं नाही. साधं ‘अगं’ नाही की ‘अहो’ नाही. का, ते आळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वरच्या घरच्या पणजीने खालच्या घरच्या पणजीची नथ लग्नाला मागून नेली आणि परत दिली तेव्हा तिच्यात एक मोती कमी होता. हे खालच्यांचं. वरच्यांचं म्हणणं, नथ त्यांचीच होती आणि खालच्यांनी नेली होती. मोती मात्र दोन्हीकडे बोराएवढा, पाणीदार, कुठल्याशा सरदाराच्या घराण्यातून आलेला. दोघीही माझ्याशी बोलायच्या. काकू म्हणायच्या, “त्या खालच्यांना सांगा.” मावशी म्हणायच्या, “त्या वरच्यांना म्हणावं.” मी मधल्या मध्ये टेलिफोन.

आणि वरच्यांच्या मोरीचं पाणी खालच्यांच्या भिंतीतून आत झिरपायचं. मी दर महिन्याला सर्व्हेच्या कागदावर लिहायची: मागची भिंत ओली, पाणी साठते, डास. वरचं घर पाडून पुन्हा बांधलं, सिमेंटचं झालं, तीन मजली झालं, पण मोरी होती तिथेच ठेवली होती. मावशींनी भिंतीखाली एक बादली ठेवलेली. पाइप टाकायचा तर दोन्ही घरांच्या भिंतीवरून न्यायला लागणार, म्हणजे विचारावं लागणार, म्हणजे बोलावं लागणार. बादली सोपी.

त्या दिवशी काकू आणि मावशी दोघीही आल्या होत्या, खोलीच्या दोन टोकांना. काका वाचू लागले.

“वरचे घरचे मोरीचे पाणी खालचे घरचे माजघरात येते. त्यावरून उभय घरांत तंटा. बोलणे बंद.”

काकू म्हणाल्या, “मोतीचे असेल.”

“काकांनी मोरी वाचलंय,” मी म्हटलं.

“काका, नीट बघा,” मावशी दुसऱ्या टोकावरून म्हणाल्या. “मोतीच असणार. मोत्याचं पाणी. मोत्याला पाणी असतं.”

“असतंच,” काकू म्हणाल्या. “पाणीदार मोती होता तो.”

काकांना हे सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. सांगितल्यावर ते संतापले. “र आणि त मधला फरक मला साठ वर्षं कळतोय! मोरीचे पाणी! आणि पुढे ऐका, ‘दुर्गंधी फार.’ मोत्याला दुर्गंधी येते का?”

काका थांबायला तयार नव्हते, कागद सरकारी होता. “उभयतांस समज दिली. उभय पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, सबब समज अर्धीच पोचली. पुढील खेपेस पाहू.” पान उलटलं. “पाहिले. पाणी चालू.” पान उलटलं. “पाणी चालू.” मग आणखी चार ठिकाणी तेच, आणि सगळ्यात शेवटी, “पाणी चालू. दोन्ही घरे आता माझ्याशीही बोलत नाहीत.”

साहेब एकदम खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. “म्हणजे ही तक्रार अजून प्रलंबित आहे!”

“सर, ती शंभर वर्षांपूर्वीची—”

“बंद झाल्याचा शेरा आहे का? नाही. पाणी चालू आहे का? आहे. ताई, आपण ही निकालात काढू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम पाइप घेऊन आला. भिंतीवरून न्यायची परवानगी साहेबांनी दोन्ही घरांत जाऊन वेगवेगळी घेतली. दोघींचं तोंड इतकं उतरलेलं होतं की कोणी नाही म्हटलं नाही. एक प्लॅस्टिकचा पाइप, वळणाला एक एल्बो, चार क्लिपा. वीस मिनिटं लागली, त्यातली पाच मुकादमाने चहात घालवली. मावशींच्या भिंतीतलं पाणी थांबलं. मावशी रिकाम्या बादलीकडे बघत राहिल्या. त्यांच्या सासूनेही तिथे बादलीच ठेवली होती.

मला वाटलं, आता आनंद होईल. दुपारी काकू आणि मावशी केंद्रात आल्या. एकत्र. एकाच वेळी दारातून आत शिरल्या, म्हणून आधी दारात अडकल्या. मी उभीच राहिले.

“ताई,” काकू म्हणाल्या, “ते पान प्रदर्शनात लावायचं नाही.”

“अजिबात नाही,” मावशी म्हणाल्या.

“म्हशीवाल्यांचं लावा, काय लावायचं ते लावा. पण आमची चार पिढ्यांची भांडणं काय मोरीवरून होती म्हणून सांगायचं? माझ्या सुनेला काय सांगू मी?”

“आमच्याकडे तर सोयरीक ठरतेय पोरीची,” मावशी म्हणाल्या. “तिकडच्यांना मोत्याचं सांगितलंय.”

“मग? घराण्याची शोभा आहे ती!” काकू मावशींकडे वळून म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थबकल्या, कारण त्यांनी थेट मावशींना काहीतरी म्हटलं होतं. मावशीही थबकल्या. मग मावशींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, “नाहीतर काय.”

एवढंच. चार पिढ्यांनंतरचं पहिलं बोलणं ‘नाहीतर काय’. मी ते ऐकायला होते याचा मला अजूनही थोडा तोरा आहे.

साहेबांनी तोडगा काढला. वही काचेच्या पेटीत ठेवली आणि पान उघडलं ते म्हशीचं. उद्घाटनाला बरीच गर्दी झाली. दुपारी बघते तर पेटीपाशी काकू आणि मावशी उभ्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोत्याची गोष्ट सांगताहेत. काकू म्हणत, “बोराएवढा होता.” मावशी म्हणत, “आवळ्याएवढा म्हणा.” संध्याकाळपर्यंत मोती लिंबाएवढा झाला होता, आणि नथ कोणाची होती या मुद्द्यावर दोघींनी ‘दोघींची अर्धी अर्धी’ असं मिटवून टाकलं होतं. अर्धी नथ कशी असते, हे एका शाळकरी मुलीने विचारलं. तिला पेढा देऊन गप्प केलं.

साहेबांनी आपल्या हाताने फाइलवर ‘निकाली’ असं लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही केली. तो शेरा चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी मोडीवाले काका आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. त्यांनी साहेबांच्या पुढ्यात एक कागद ठेवला. साहेबांनी तो उलटासुलटा केला. अर्ज सबंध मोडीत होता.

“काका, हे काय लिहिलंय?”

“तक्रार आहे!”

“ती कळतेय. पण वाचणार कोण?”

“मी वाचतो!” म्हणून काकांनी आपलीच तक्रार उभ्याने, पूर्ण, न गाळता वाचून दाखवली. मुकादमाने लावलेल्या पाइपाचं तोंड आम्ही बोळातच सोडलं होतं, आणि बोळ उतरता. वरच्यांचं पाणी आता खालच्यांच्या घरात न जाता सरळ काकांच्या उंबऱ्याशी जाऊन थांबत होतं. पाइप लावल्यापासून ते धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून देवपूजेला फुलं आणायला जात होते.

साहेबांनी डोकं धरलं. मुकादम म्हणाला, “म्या सांगितलं व्हतं, खालपर्यंत न्यावा लागंल. साहेब म्हणाले, आधी फोटो काढू.”

मग बोळ अर्धा दिवस बंद ठेवून मोठ्या गटारापर्यंत खोदलं. त्या खोदकामावर देखरेख करायला काकू आणि मावशी दोघीही वरून ओरडून सूचना देत होत्या, आणि दोघींच्या सूचना एकमेकींच्या विरुद्ध होत्या. मुकादमाने दोघींना ‘बरं’ म्हटलं आणि स्वतःला पटलं तसं केलं. पाणी गटारात गेलं. काकांनी स्वतः तासभर उंबऱ्यावर बसून खात्री केली.

पुढच्या महिन्यात मी सर्व्हेला गेले. दोघी मावशींच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. मागच्या भिंतीशी, जिथे बादली असायची, तिथे एक निळा नवा ड्रम. झाकण नाही. मी टॉर्च मारून पाहिलं. अळ्या मजेत वळवळत होत्या.

“मावशी, ड्रम कधी धुतला?”

“कालच,” दोघी म्हणाल्या.

“हा ड्रम आहे कोणाचा?”

मावशींनी काकूंकडे बोट केलं, काकूंनी मावशींकडे. मी कागद काढला, मालकाच्या रकान्यात काय लिहावं याचा जरा विचार केला, आणि ‘सामाईक’ असं लिहून ड्रम अंगणात उपडा केला. दोघींच्या मेथीवर पाणी उडालं. त्यावर दोघी मिळून मला जे बोलल्या, ते मी सर्व्हेच्या कागदावर लिहिलेलं नाही.